पेंढा काढून टाकणारा माणूस

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत मुद्दाम मंद उजेडाचे ठेवलेले एक भव्य दालन आहे. मधोमध आठ आफ्रिकी हत्तींचा कळप आणि भोवती दोन मजल्यांवर काचेआड मांडलेले २८ देखावे. त्यातल्या एका देखाव्यात डोंगरउतारावरची दाट झाडी आहे, दूरवर ज्वालामुखीची शिखरे आहेत आणि पुढ्यात पर्वतीय गोरिलांचे कुटुंब आहे. त्यातला थोराड नर दोन पायांवर उभा राहून छाती बडवतो आहे. मागचे आभाळ रंगवलेले आहे, झाडांची पाने माणसांनी घडवलेली आहेत. गोरिलांची कातडी मात्र खरी आहे.

हे गोरिला १९२१ साली मारले गेले. ती मोहीम आखणारे आणि त्यातल्या काही गोरिलांवर स्वतः गोळी झाडणारे गृहस्थ म्हणजे कार्ल एकेली. याच एकेलींनी पुढची चार वर्षे उरलेल्या गोरिलांना अभय मिळावे म्हणून धडपड केली. त्या धडपडीतून आफ्रिका खंडातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. मेलेला प्राणी जपून ठेवणे योग्य की अयोग्य, हा वाद आजही अधूनमधून उफाळतो. त्या वादाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील, तर एकेलींचे चरित्र वाचावे.

सर्कशीतला हत्ती

मृत प्राण्याचे कातडे टिकवून त्याला जिवंतपणीचे रूप देण्याच्या कलेला टॅक्सिडर्मी म्हणतात. मराठीत आपण सरळ पेंढा भरणे म्हणतो. एकेली या धंद्यात आले तेव्हा हा शब्दप्रयोग शब्दशः खरा होता.

त्यांचा जन्म १९ मे १८६४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या क्लॅरेंडन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळा फारशी झाली नाही. पोरवयातच पक्ष्यांची कातडी सोलून त्यांत भरण करण्याचा नाद लागला आणि एकोणिसाव्या वर्षी रॉचेस्टर शहरातल्या वॉर्ड यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. अमेरिकेतल्या संग्रहालयांना सांगाडे आणि भरलेले प्राणी पुरवणारी ही मोठी पेढी होती. आठवड्याचा पगार होता साडेतीन डॉलर.

तिथली रीत साधी होती. कातडे मीठ, तुरटी आणि आर्सेनिकच्या साबणाने टिकवायचे, पायांच्या हाडांना तारा गुंडाळून ती परत आत घालायची, मग धड उलटे टांगून मावेल तितका पेंढा ठासायचा. कुठे जास्त फुगले तर लांब सुईने टाका घालून आत ओढायचे. तयार होणारा प्राणी बहुधा गादीसारखा दिसे. त्याच्या अंगात स्नायू आहेत, तो कधी धावला असेल, असे काही त्यावरून वाटत नसे.

१८८५च्या सप्टेंबरात कॅनडातल्या सेंट टॉमस गावी बार्नम यांच्या सर्कशीतला जगप्रसिद्ध हत्ती जंबो रेल्वे इंजिनाची धडक बसून मेला. त्याला पुन्हा उभे करण्याचे काम वॉर्ड यांच्याकडे आले आणि तरुण एकेली त्यात होते. या हत्तीला पेंढा पुरण्यासारखा नव्हता. लाकडाचा भक्कम सांगाडा बांधून त्यावर कातडे चढवावे लागले. हत्ती शक्य तितका मोठा दिसावा, ही मालकाची इच्छा होती. जिवंतपणी तिकिटे खपवणारा जंबो मेल्यावरही सर्कशीबरोबर फिरत राहिला. पुढे त्याचे कातडे टफ्ट्स विद्यापीठात गेले आणि १९७५ साली तिथे लागलेल्या आगीत जळाले. त्याची थोडी राख शेंगदाण्याच्या बटरच्या बरणीत भरून ठेवलेली आहे. प्राण्याची आठवण जपणे आणि प्राण्याचा तमाशा करणे यांत किती कमी अंतर असते, हे जंबोच्या या प्रवासातून दिसते.

आधी शिल्प, मग कातडे

१८८६मध्ये एकेली मिलवॉकीच्या संग्रहालयात गेले. तिथे १८९० साली त्यांनी मस्करॅट या पाणथळ जागी राहणाऱ्या, घुशीएवढ्या प्राण्याचा एक छोटा देखावा केला. पाणी, गवत, बीळ आणि त्यात वावरणारे प्राणी. प्राणी एकटा फळीवर न ठेवता त्याच्या घरासकट दाखवायचा, ही कल्पना अमेरिकेतल्या संग्रहालयांत तेव्हा नवीच होती. तो देखावा आजही मिलवॉकीत आहे.

१८९६पासून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्यांनी ही पद्धत पूर्णत्वाला नेली. प्राणी मेल्याबरोबर त्याची बारीक मोजमापे घ्यायची, छायाचित्रे काढायची, चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा. मग त्याच्याच हाडांच्या आधाराने चिकणमातीत पूर्ण शरीर घडवायचे. कुठला स्नायू ताणलेला, कुठला सैल, कातडीखाली कुठली शीर उठून दिसते, सगळे मातीत आणायचे. त्या शिल्पाचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि साच्यात कागदाचा लगदा, कापड, तारेची जाळी वापरून पोकळ, हलका पण मजबूत पुतळा तयार करायचा. शेवटी कमावलेले कातडे त्यावर चिकटवायचे. पेंढ्याला यात कुठेच जागा नव्हती. थोड्याफार फरकाने जगभर आजही हीच रीत चालते.

या माणसाची बुद्धी कातड्यापुरती नव्हती. फील्ड म्युझियमच्या इमारतीचे पोपडे उडू लागले, तेव्हा हवेच्या दाबाने गिलावा फवारणारे यंत्र त्यांनी बनवले. १९११ साली त्याचे पेटंट मिळाले. बोगद्यांच्या भिंतींवर काँक्रीट फवारतात त्या शॉटक्रीट तंत्राचे मूळ या यंत्रात आहे. प्राण्यांच्या हालचाली टिपायला तेव्हाचे चलच्चित्र कॅमेरे गैरसोयीचे होते, म्हणून त्यांनी सहज फिरवता येणारा नवा कॅमेरा घडवला. नानूक ऑफ द नॉर्थ या प्रसिद्ध माहितीपटासाठी तोच वापरला गेला.

शिकारी आणि शिकार

चांगल्या देखाव्याला चांगले नमुने लागत आणि नमुने म्हणजे मारलेले प्राणी. एकेलींनी आफ्रिकेच्या पाच सफरी केल्या. १८९६च्या पहिल्याच सफरीत, आजच्या सोमालियाच्या भागात, एका जखमी बिबट्याच्या मादीने त्यांच्यावर झेप घेतली. बंदूक हातातून सुटली होती. एकेलींनी आपला हात तिच्या घशात कोंबला, गुडघ्यांनी तिची छाती दाबली आणि नुसत्या हातांनी तिला मारले. मेलेल्या बिबट्यासोबतचे, हाताला पट्ट्या बांधलेले त्यांचे छायाचित्र पुढे खूप गाजले.

१९१० साली माउंट केनियावर पारडे उलटे फिरले. एका हत्तीने त्यांना जमिनीवर पाडून दाबले. बरगड्या मोडल्या, गाल फाटला. ते गेलेच असे समजून सोबतचे हमाल पांगले. निरोप मिळताच पत्नी डेलिया जंगलातून वाट काढत पोहोचल्या आणि एकेली वाचले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आफ्रिकेच्या वन्यजीवांना वाहिलेल्या एका दालनाची कल्पना पक्की झाली. शिकार आणि वसाहतींची शेती यांच्या रेट्यात आफ्रिकेतले मोठे प्राणी फार दिवस टिकणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. तेव्हा निदान पुढच्या पिढ्यांना ते दिसावेत म्हणून त्यांतले काही मारून जपावेत, असा त्यांचा हिशेब होता. आज हा विचार विचित्र वाटतो, पण त्या काळच्या निसर्गअभ्यासकांत तो सर्वमान्य होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आणि त्यांच्या मुलानेही १९०९मध्ये याच संग्रहालयासाठी हत्ती मारले होते.

मिकेनोच्या उतारावर

दालनात गोरिला हवाच होता. पर्वतीय गोरिलाची पाश्चात्त्य विज्ञानाला ओळख झाली तीच मुळी १९०२ साली, रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याने मारलेल्या नमुन्यामुळे. त्यानंतर विरुंगा पर्वतरांगेत शिकाऱ्यांची रीघ लागली. १९२१च्या सुमारास स्वीडनच्या राजपुत्राच्या एकाच मोहिमेने चौदा गोरिला मारले. छाती बडवत अंगावर धावून येणारा नरभक्षक राक्षस, अशी गोरिलाची प्रतिमा तेव्हा पुस्तकांनी उभी केली होती.

एकेली १९२१च्या अखेरीस बेल्जियन काँगोत पोहोचले. सोबत हर्बर्ट आणि मेरी ब्रॅडली हे जोडपे आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी ॲलिस होती. (हीच मुलगी मोठेपणी जेम्स टिपट्री ज्युनियर या टोपणनावाने विज्ञानकथा लिहू लागली.) स्त्रिया आणि लहान मूल सोबत असताना गोरिला मारता येतो, तेव्हा त्यात मर्दुमकी कसली, हे त्यांना जगाला दाखवायचे होते.

मिकेनो डोंगरावर त्यांनी पहिला नर मारला. उतार इतका तीव्र होता, की तिथेच झाडाला टेकून सोलणे आणि मोजमापे घेणे उरकावे लागले. त्या चेहऱ्याकडे पाहताना आपण खून केल्याची भावना त्यांना छळू लागली. हे विज्ञानासाठी आहे, असे ते स्वतःला बजावत राहिले. पुढे एका मादीला गोळी घातल्यावर तिच्यासोबतचे पिल्लू वाटाड्यांच्या भाल्याने मेले. मरतानाचा त्याच्या चेहऱ्यावरचा केविलवाणा भाव एकेली विसरू शकले नाहीत. पिल्लाला वेदनेत आधार हवा होता आणि तो त्याने कदाचित आपल्यापाशीही शोधला असता, अशा अर्थाचे त्यांनी १९२३च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. पाचवा गोरिला, म्हणजे आज छाती बडवताना दिसणारा नर, ब्रॅडली यांनी मारला. पाच नमुने होताच शिकार थांबली.

त्याच डोंगरावर एकेलींनी आपला कॅमेरा मांडला आणि जंगलात मोकळ्या वावरणाऱ्या पर्वतीय गोरिलांचे पहिले चलच्चित्रण केले. पडद्यावर दिसले ते झाडपाला खाणारे, पिल्लांना सांभाळणारे, माणसाची चाहूल लागताच दूर जाणारे प्राणी. राक्षसाची दंतकथा मोडायला या चित्रणाची मोठी मदत झाली.

राजाला घातलेली गळ

अमेरिकेत परतल्यावर एकेलींनी एकच धोशा लावला. ही जमात इतकी थोडी आहे, की शिकार अशीच चालू राहिली तर ती संपेल. तेव्हा मिकेनो, करिसिंबी आणि व्हिसोके या शिखरांचा परिसर राखीव करावा आणि तिथे अभ्यासाचे केंद्र उभारावे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आणि बेल्जियमचे वॉशिंग्टनमधले राजदूत यांच्यामार्फत त्यांनी बेल्जियमचे राजे अल्बर्ट यांना गळ घातली. राजांनी १९१९ साली अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पाहिली होती, त्यामुळे जमीन भिजलेली होती. २१ एप्रिल १९२५ रोजी अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली. काँगोतले विरुंगा राष्ट्रीय उद्यान ते हेच.

१९२६मध्ये एकेली दुसऱ्या पत्नी मेरी यांच्यासह पुन्हा तिकडे गेले. देखाव्यासाठी झाडे, फुले आणि रंगांचे नमुने गोळा करायचे होते आणि बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ देर्शेड यांच्यासोबत गोरिलांची पाहणी करायची होती. वाटेतच ताप आणि आमांशाने त्यांना गाठले. तरीही ते वर चढले. १७ नोव्हेंबर १९२६ रोजी मिकेनोच्या उतारावरील तळावर त्यांचे निधन झाले आणि काबारा इथल्या गवताळ खिंडीत त्यांना पुरण्यात आले. गोरिलांच्या देखाव्यात दिसणारा प्रदेश याच भागातला आहे. आफ्रिकी दालन १९३६ साली त्यांच्याच नावाने खुले झाले.

त्या कबरीजवळच १९५९-६० साली जॉर्ज शॅलर यांनी तंबू ठोकून पर्वतीय गोरिलांचा पहिला सविस्तर अभ्यास केला, बंदूक न वापरता. १९६७मध्ये डायन फॉसी यांचीही सुरुवात तिथूनच झाली.

स्मरणवस्तूंचा बाजार

एकेलींच्या संग्रहामागे निदान ज्ञानाचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरुंगातले गोरिला मारले जाऊ लागले ते वेगळ्याच कारणाने. परदेशी गिऱ्हाइकांना भिंतीवर लावायला गोरिलाचे शीर आणि टेबलावर राखदाणी म्हणून त्याचा पंजा हवा होता. फॉसी यांचा लाडका डिजिट हा नर १९७७च्या अखेरच्या दिवशी मारला गेला, तेव्हा त्याचे डोके आणि हात कापून नेलेले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले.

संरक्षण कडक झाले, पशुवैद्यक जंगलात जाऊन उपचार करू लागले, पर्यटनाचा पैसा येऊ लागला आणि आकडा चढत गेला. आज विरुंगा आणि युगांडातील ब्विंडी मिळून पर्वतीय गोरिला हजाराच्या वर आहेत. त्याची किंमत माणसांनीही मोजली आहे. उद्यानापायी स्थानिकांचे जंगल आणि जमिनीवरचे हक्क गेले आणि विरुंगाचे २०० हून अधिक वनरक्षक कर्तव्य बजावताना मारले गेले. एकेलींच्या मोहिमांत ओझी वाहणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, कातडी वाळवणाऱ्या आफ्रिकी माणसांची नावे तर बहुतेकांना ठाऊकही नाहीत.

कातडे चांगले की वाईट?

एकेलींच्या आयुष्याकडे पाहिले की लक्षात येते, की या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रश्न तीन आहेत. प्राणी कसा मेला? त्याचे कातडे कशासाठी ठेवले? आणि ते ठेवल्याने आणखी प्राणी मरणार आहेत का?

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांनी विज्ञानाला दिलेले दान मोठे आहे. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत आहेत, हे १९६७ साली ब्रिटनमध्ये सिद्ध झाले ते जुन्या संग्रहातील अंड्यांशी तुलना केल्यामुळे. अमेरिकेत संग्रहालयांतल्या हजाराहून अधिक पक्ष्यांच्या पिसांवरची काजळी मोजून शंभरावर वर्षांच्या हवाप्रदूषणाचा आलेख काढता आला. ज्यांनी ते नमुने गोळा केले, त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. दिवाणखान्यात टांगलेल्या, कुठे आणि कधी मारला याची नोंदही नसलेल्या मुंडक्याचा असा उपयोग होत नाही. त्यातून फक्त बाजारातली मागणी टिकते.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. वाघ-बिबट्यांची कातडी, नखे, दात यांची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा आहे. कायद्याआधीपासून घरात असलेल्या वस्तूलाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. सोन्यात मढवलेले खरे वाघनख गळ्यात घालणे हीदेखील हौस नव्हे, गुन्हा आहे. दुसरीकडे, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली सुरू झालेल्या केंद्रात नैसर्गिक कारणाने मेलेल्या वाघ-सिंहांना टॅक्सिडर्मीने जपण्याचे काम झाले आहे. तिथे कोणाला मारलेले नाही आणि काही विकायचेही नाही. कला एकेलींचीच, हेतू मात्र निवळलेला.

जुना वाघ आणि आर्सेनिक

आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकूर यांनी आर्सेनिक, साबण, कापूर, चुना यांचे मिश्रण शोधले. त्याने कातड्याला कसर लागत नसे, म्हणून जगभर ते वापरले गेले, अगदी १९७०-८०च्या दशकापर्यंत. आर्सेनिक कालांतराने नाहीसे होत नाही. जुन्या भरलेल्या प्राण्याच्या केसांवर, तळाशी जमलेल्या धुळीत ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात असू शकते. ते श्वासातून किंवा हातावाटे तोंडात जाणे घातक आहे. म्हणूनच संग्रहालयांतले जतनकार हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय अशा वस्तूंना हात लावत नाहीत.

वाडवडिलांच्या काळातले एखादे मुंडके किंवा भरलेला प्राणी घरात असेल, तर तो कोरड्या फडक्याने किंवा कुंच्याने झटकू नये, मुलांना त्यावर हात फिरवू देऊ नये, पाळीव प्राण्यांना जवळ जाऊ देऊ नये. चुकून हात लागल्यास साबणाने स्वच्छ धुवावेत. परस्पर फेकणे, जाळणे किंवा कोणाला भेट देणे टाळावे. जाळल्याने विषारी धूर होतो आणि कायद्याचाही भंग होतो. कागदपत्रे असोत वा नसोत, वनविभागाच्या कार्यालयाशी बोलणे हाच योग्य मार्ग.

रोगाची वाट उलट्या दिशेनेही जाते. माणसाची साधी सर्दी गोरिलाला जिवावर बेतू शकते. त्यामुळे आज विरुंगात गोरिला पाहायला जाणाऱ्याला मास्क लावून काही मीटर अंतरावर उभे राहावे लागते आणि तासाभरात परत फिरावे लागते. आजारी पर्यटकाला जाऊ देत नाहीत. परतताना लोक सोबत आणतात ती छायाचित्रे. १९२१ साली एकेलींच्या सामानात बंदूक आणि कॅमेरा दोन्ही होते. त्यांच्यानंतर त्या डोंगरावर अभ्यासाला गेलेल्यांनी त्यांतला कॅमेरा तेवढा सोबत नेला.